ब्लीचिंग पावडर अशी वरून टाकू नका
दादा, पावसानंतर विहिरीच्या पाण्याला वास येतोय म्हणून तुम्ही ब्लीचिंग पावडर वरूनच फेकली म्हणताय, तसं नका करू. आमची सोलापूरजवळ रानात 10 फूट रुंद गोल विहीर आहे, 10 फूट पाणी असलं की साधारण 22 हजार लिटर भरतं, हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून 55 ग्रॅम पावडर (ताजी बघून घ्या) बादलीत कालवायची, दहा मिनिटात चुना तळाला बसतो, मग वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने विहिरीत सोडून वरखाली हलवायची आणि तासभर उपसा बंद. पण कठडा फुटून काळ्या रानाचं गढूळ पाणी आत उतरत असेल तर आधी तो बांधा. आणि गाळ काढायला एकट्याला उतरवू नका हो, आत डिझेल इंजिन चाललेलं असेल तर अजिबातच नाही, त्या धुराने माणूस जागेवर जातो.