जवानाचा फोटो फ्लेक्सवर, आणि म्हणे सैन्य राजकारणापासून लांब!

चहाटपरी: काल जुने व्हिडिओ बघत बसलो होतो, त्यात ९ एप्रिल २०१९ ची लातूरजवळच्या औशाची सभा लागली. पंतप्रधान मोदी पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांना विचारतायत, तुमचं पहिलं मत बालाकोटच्या वीर जवानांना, पुलवामाच्या शहिदांना समर्पित होऊ शकतं का. बरं त्याच्या महिनाभर आधीच निवडणूक आयोगानं सगळ्या पक्षांना बजावलं होतं की जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका, कारण वैमानिक अभिनंदनच्या मिशा तेव्हा नेत्यांच्या शेजारी झळकायला लागल्या होत्या. तरी औशाच्या भाषणाला आयोगाची क्लीन चिट मिळाली, तीही एकमतानं नाही, निवडणूक आयुक्त लवासांचा विरोध होता. टीव्हीवाले तर विचारूच नका, एका तेलुगू चॅनलचा अँकर चक्क वर्दी चढवून हातात खेळण्यातली बंदूक घेऊन बसला होता. सैन्य तटस्थ ठेवायची जबाबदारी फक्त सैन्याचीच का?

फुकटचा_सल्ला: झालं सुरू! २०१९ च्या आधी सगळं सोवळ्यात होतं काय? १९५९ ला लष्करप्रमुख थिमय्यांचं संरक्षणमंत्री कृष्ण मेननशी पटेना म्हणून राजीनामा दिला, नेहरूंनी समजूत काढून मागे घ्यायला लावला, तोवर बातमी फुटली आणि मग संसदेत बोल कुणाला लावला तर थिमय्यांनाच. पुढे त्यांनी आपल्यानंतर प्रमुख म्हणून कोल्हापूरकडच्या जनरल थोरातांचं नाव सुचवलं, प्रमुख झाले थापर. आणि माजी लष्करप्रमुख करिअप्पा १९७१ ला मुंबईतून लोकसभेला उभे राहिले, पडले. लोकशाही बुडाली का?

चहाटपरी: अहो करिअप्पा १९५३ ला रिटायर झालेले, १८ वर्षांनी उभे राहिले. विषय कुठं नेताय.

माजी_हवालदार: २४ वर्षं पलटणीत काढली म्हणून बोलतो. लंगरात, म्हणजे जेवणाच्या ठिकाणी, कुणी पार्टीचं नाव काढलं तर सुभेदार साहेब नुसते बघायचे, तेवढंच पुरायचं. सभेला जायचं नाही, पेपरवाल्याशी बोलायचं नाही, नियमच आहे. मत टपालानं, कुणाला दिलं ते शेजारच्या खाटेवरचाही विचारत नाही. २०१९ ला मी सुट्टीवर गावी आलो तर एसटी स्टँडसमोर उमेदवाराच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत माझा कसम परेडचा (शपथविधीचा) फोटो! पुतण्याचा उद्योग, मला न विचारता. मी तेव्हा सर्व्हिसमध्ये, कुणी वर कळवलं असतं तर उत्तर मला द्यावं लागलं असतं. रात्री जाऊन ब्लेडनं तेवढा चौकोन कापून आणला, अजून पेटीत आहे.

अनुस्वार: दादा, तुमच्यासारख्यांबद्दल शंकाच नाही, प्रश्न वरच्यांचा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये बिपिन रावत लष्करप्रमुख असताना विद्यार्थ्यांच्या आंदोलनांवर बोलले, लोकांना जाळपोळीकडे नेतात ते कसले नेते अशा अर्थाचं. आठवड्याच्या आत ते सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख. यावर जरा कुणी बोललं की लगेच सैन्याचा अपमान!

फुकटचा_सल्ला: जाळपोळ नको म्हणणं हे राजकारण? मग एप्रिल २०१२ ला एका इंग्रजी पेपरनं पहिलं पान भरून छापलं होतं की हिसार आणि आग्र्याहून तुकड्या दिल्लीकडं निघाल्या, तेव्हाचे लष्करप्रमुख व्ही. के. सिंग वयाच्या वादावरून जानेवारीत कोर्टात गेले त्याच रात्री, ते काय होतं? खुद्द मनमोहनसिंगांनी सांगितलं असल्या भीती घालणाऱ्या बातम्यांवर जाऊ नका. मीडियाचं म्हणाल तर हे पण धरा की.

अनुस्वार: धरलं, ती बातमी मलाही पटली नव्हती. पण तेच सिंग रिटायर होऊन दोन वर्षं व्हायच्या आत भाजपमध्ये आणि गाझियाबादचे खासदार. २०१९ ला त्यांच्याच प्रचारात योगी 'मोदीजी की सेना' म्हणाले. मधे थोडी वर्षं थांबायची सक्ती का नको?

फुकटचा_सल्ला: आयोगानं योगींना समज दिली ना, संपला विषय. आणि सैन्याचा राजकारणासाठी वापर थांबवा म्हणून तुमच्या लाडक्या माजी अधिकाऱ्यांनी तेव्हा राष्ट्रपतींना पत्र लिहिलं, त्यातले माजी लष्करप्रमुख रॉड्रिग्ज आणि माजी हवाईदलप्रमुख सुरी तर म्हणाले आम्ही सहीच केली नाही.

चहाटपरी: हेच तर म्हणतोय मी!! दीडशेच्या वर नावं होती, दोघा-तिघांनी नाही म्हटलं, बाकी काहींनी छातीठोक सांगितलं हो आमचीच सही. पण सगळा कल्ला सह्यांवर, पत्रात काय लिहिलंय ते कुणी धड वाचूनसुद्धा दाखवलं नाही.

फुकटचा_सल्ला: ज्याची सही नाही त्याचं नाव टाकलं तर कल्ला होणारच. हवालदार साहेबांच्या फोटोचं तेच झालं की, न विचारता टाकला.

अनुस्वार: हे मात्र बरोबर बोललात. दादा, पुतण्या काय म्हणाला मग?

माजी_हवालदार: काय म्हणणार. म्हणाला काका, फ्लेक्सचे पैसे मी भरलेत.