गलीना गावातील जुनी घरे इतकी वर्षे टिकली कशी?

महालकर:
आमचा वाडा नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत आहे. आमच्या गल्लीतले सागवानी खांबांचे, चौकाचे वाडे एकामागून एक पडले आणि त्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. माझी भाची अमेरिकेत, इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील ‘जो डेव्हिस’ काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहते. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत गलीना या जेमतेम तीन हजार वस्तीच्या गावात एकोणिसाव्या शतकातील विटांची घरे ओळीने उभी दिसतात. ही घरे बांधली कोणाच्या पैशाने, आणि ती पाडली का गेली नाहीत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

धंतोलीकर:
काका, हा सगळा पैसा शिशाचा. १८४५ च्या सुमारास देशातील जवळपास ८० टक्के शिसे याच परिसरातून निघत असे आणि ते गलीना नदीतून बोटींनी मिसिसिपीला जाई. त्या व्यापारात गबर झालेल्या वखारवाल्यांनी आणि बोटमालकांनी टेकडीच्या उतारावर आपापली घरे बांधली. त्याआधीचे, १८२६ चे डाउलिंग हाउस मात्र साधे, चुनखडीच्या दगडाचे असून त्यात व्यापाराची जागा आणि राहते घर एकत्रच होते.

पुढे वरवरचे शिसे संपत आले, १८४९ पासून खाणकामगार सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे निघून गेले, भट्ट्यांसाठी जंगल तोडल्यामुळे आणि उतारावर नांगर फिरल्यामुळे सुटलेली माती नदीच्या पात्रात साचून बोटींची वाट बंद होत गेली, आणि रेल्वेचे शेवटचे स्थानकही गलीनाऐवजी मिसिसिपीच्या काठावर गेले. गावातला पैसा आटला. जुने पाडून नवे बांधण्याची ऐपत कोणाकडे उरली नाही, म्हणून घरे जशीच्या तशी राहिली. महालात नेमके उलटे झाले: तेथे जागेची किंमत वाड्यापेक्षा जास्त झाली.

इतवारीकर:
धंतोलीकरांचे म्हणणे पटते, पण ते अर्धेच आहे. गरिबीने घर पडायचे थांबत नाही. छत गळत राहिले की चांगला वाडाही चार-सहा पावसाळ्यांत बसतो. कोणीतरी डागडुजी करत राहावे लागते. अमेरिकन यादवी युद्धातील सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांचे घर पाहा. १८६० साली बांधलेले हे विटांचे घर यादवी युद्धानंतर ऑगस्ट १८६५ मध्ये गावातील धनिकांनी त्यांना भेट दिले. वळचणीखाली ओळीने बसवलेले नक्षीदार लाकडी ब्रॅकेट आजही पाहायला मिळतात, आणि आतले बरेचसे सामान ग्रँट कुटुंबाचेच आहे. ग्रँट यांच्या मुलांनी ते घर १९०४ साली गावाला दिले व १९३१ मध्ये राज्याने ताब्यात घेतले, म्हणून ते नीट राहिले.

खासगी घरांचे काय, हा खरा प्रश्न आहे. गलीनाचा मोठा भाग १९६९ साली ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला. परंतु मालक स्वतःच्या पैशाने घर पाडत असेल, तर केवळ ती नोंद त्याला अडवत नाही. अडवतो तो गावाचा स्वतःचा नियम. आपल्याकडेही वाड्याचे नाव वारसा यादीत आले म्हणजे काम झाले, असे समजून बसू नये.

महालकर:
दोघांचेही आभार. भाचीच्या घराचा पूर्वेतिहास काढायचा असेल तर सुरुवात कोठून करावी?

धंतोलीकर:
काउंटीच्या नोंदणी कार्यालयात खरेदीखते जपलेली असतात आणि ती कोणालाही पाहता येतात. आजच्या मालकापासून मागे जात प्रत्येक विक्रेत्याचे नाव लिहून घ्यायला सांगा. तुमच्या वाड्यासाठी नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (शहरातील जागेच्या मालकीचा उतारा) काढा आणि घरातल्या जुन्या पेटीत मोडी कागद असतील, तर मोडी वाचणाऱ्याला दाखवण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे जरूर घेऊन ठेवा.