मदत हवी आहे: भुसावळहून नेपाळ – आठ जण, कागदपत्रं, पैसे आणि मुक्तिनाथची उंची

तापीकाठ (रावेर)
राम राम मंडळी. दिवाळीनंतर घरची आठ जणं नेपाळला जायचं ठरतंय. वडील ६८, आई ६३, काका ६६, काकू ६१, आम्ही दोघं नवरा-बायको, मुलगी १६ आणि मुलगा १२. भुसावळहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडूला पशुपतिनाथ आणि परत. हाताशी दहा दिवस.

प्रश्न असे:
१. पासपोर्ट एकाकडेही नाही. गावातला एजंट म्हणतो, आधार कार्डावर सगळे जातात. खरं का? काकूंचं मतदार कार्ड हरवलंय, त्यांच्याकडे फक्त आधार आहे.
२. पैसे कसे न्यायचे? फोनपे चालतं का?
३. काकांना बीपीची गोळी सुरू आहे. मुक्तिनाथ झेपेल का?
४. जेवणाचं काय? चौघं मोठे शुद्ध शाकाहारी, काकूंना एकादशी.

सातपुडा_पायथा
भाऊ, पहिले कागदं देखा, मंग तिकिटं.

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, म्हणून लोक धरून चालतात की काहीच लागत नाही. लागतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला दोनच कागद चालतात: पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार फक्त १५ च्या खालच्यांना आणि ६५ च्या वरच्यांना चालतं. म्हणजे तुमच्याकडे वडील, काका आणि मुलगा आधारवर जातील. आई ६३ ची, काकू ६१ ची, तुम्ही दोघं, या चौघांना मतदार कार्ड हवंच. तुमचा एजंट अर्धंच बोललाय.

मुलगी १६ ची, तिला मतदार कार्ड असायचा प्रश्नच नाही. १५ ते १८ साठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ओळखीचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात घ्यावं लागतं. नुसतं 'बोनाफाइड' आणू नका. भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावरचा नमुना छापून शाळेत द्या. मुलीचा फोटो, त्यावर शाळेचा शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते, तेव्हा हे काम सुट्टी लागण्याआधी उरका.

काकूंसाठी दोन वाटा. मतदार कार्ड हरवलं असेल तर फॉर्म ८ भरून दुसरी प्रत मागवता येते. पण कार्ड पोस्टानं यायला किती दिवस लागतील याचा भरवसा धरू नका. दुसरी वाट पासपोर्टची. साधी फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. मी म्हणेन दोन्ही अर्ज एकदम टाका, जे आधी येईल त्यावर जा.

एक सवलत आहे: कुटुंब एकत्र असेल आणि एका मोठ्या माणसाकडे मान्य कागद असेल, तर बाकीच्यांना रेशन कार्ड, लायसन्स असल्या फोटो असलेल्या आणि नातं दाखवणाऱ्या पुराव्यावर सोडतात. ती अडचणीत कामाला येण्यापुरती. तिच्या भरवशावर काकूंना घेऊन निघू नका. काकूंचं नातं कागदावर सिद्ध करताना रेशन कार्ड वेगळं निघतं, तिथंच गाडं अडतं.

जंक्शन_आठ_नंबर (भुसावळ)
रेल्वेचं सांगतो. भुसावळहून गोरखपूरला कुशीनगर आणि काशी एक्स्प्रेस रोज. कुशीनगर भोपाळ-लखनौकडून जाते, काशी जबलपूर-प्रयागराज-वाराणसीकडून. मोठ्या माणसांसाठी कुशीनगर घ्या, वेळ कमी लागतो. तरी एक दिवस आणि एक रात्र गाडीत धराच.

आता खरा पेच. 'दिवाळीनंतर' म्हणजे नेमकं कधी? छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. मुंबई-सुरतहून पूर्वांचलाकडे जाणारी गर्दी दिवाळीच्या आधीपासून छठपर्यंत असते. छठ झाली की तीच माणसं उलटी फिरतात, मग गोरखपूरहून मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही छठ संपल्यावर निघालात तर जाताना आरामात जाल, पण येताना अडकाल. म्हणून आधी परतीचं आरक्षण काढा, मग जाण्याचं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. परतीची तारीख नक्की करा, त्या दिवसापासून ६० मागे मोजा आणि सकाळी आठला बसा. आठ जणांचं एका पीएनआरवर होत नाही, सहा आणि दोन असं करा. दोनमध्ये तरुण ठेवा, म्हातारी माणसं आणि पोरं सहात.

तापीकाठ
हे डोक्यातच नव्हतं. मग मार्चमध्ये ढकलू का?

जंक्शन_आठ_नंबर
मुलांच्या परीक्षा बघा. हवा मार्च-एप्रिलमध्येही चांगली, पण नोव्हेंबरात आकाश जास्त स्वच्छ. पावसाळ्यात मात्र नकोच. काठमांडूहून सुनौलीकडे येताना लागणाऱ्या मुग्लिन-नारायणगढ रस्त्यावर दरडी येतात. जुलै २०२४ मध्ये तिथंच सिमलतालला दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या.

कोरडवाहू (धरणगाव)
दहा दिवस कमी पडतील. मोजा. जाणं-येणं मिळून रेल्वेत तीन दिवस. गोरखपूर-सुनौली ८५ किलोमीटरच्या आसपास, तिथून लुंबिनी तासाभराची, तो एक दिवस. भैरहवा (सुनौलीपलीकडचं नेपाळी गाव) ते पोखरा १८० किलोमीटर, पण घाटाचा रस्ता, सात-आठ तास. पोखरा-जोमसोम रस्त्यानं आणखी एक अख्खा दिवस. मुक्तिनाथ आणि खाली एक. परत पोखरा एक. पोखरा-काठमांडू २०० किलोमीटर, नावाला सहा तास, खोळंबा झाला तर दहा. काठमांडूत दोन दिवस. काठमांडू-सुनौली एक. म्हणजे झाले बारा, त्यातही दम घ्यायला दिवस नाही. चौदा करा, नाहीतर मुक्तिनाथ किंवा लुंबिनी यांतलं एक सोडा. आपल्याकडच्या 'इंदूरला चार तासांत' या हिशोबानं नेपाळचं अंतर धरू नका.

सीमेवर: भारतीयांच्या कागदावर शिक्का बसत नाही. कमानीखालून चालत जायचं, पिशव्या तपासतात, कागद मागितला तर मूळ दाखवायचा. मोबाइलमधला फोटो म्हणजे कागद नव्हे. कमानीच्या अलीकडे 'परमिट काढून देतो', 'नोटा बदलून देतो' म्हणणारे अंगाला चिकटतात. पायी जाणाऱ्या भारतीयाला तिथं कसलंच परमिट लागत नाही. स्वतःची गाडी नेली तरच भन्सार, म्हणजे त्यांचं जकात कार्यालय, आणि दिवसाप्रमाणे पैसे.

घड्याळ पलीकडे पंधरा मिनिटं पुढे. सातची बस म्हणजे आपल्या घड्याळात पावणेसात. लोकांची बस चुकते ती बहुधा यामुळेच. साप्ताहिक सुट्टी शनिवारी, त्या दिवशी बँक बंद.

हिशोब_चोख (चाळीसगाव)
पैशांचं बघू.

१०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, रोज बदलत नाही. त्यामुळे बदलून देणारा 'आज भाव पडलाय' म्हणाला तर सरळ पुढे चला.

दुकानात भाव विचारला की पहिला प्रश्न, 'आयसी की एनसी?' आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. काही जण भारू-नेरूही म्हणतात. हॉटेलवाला '८००' म्हणाला आणि तुम्ही भारतीय ८०० काढले, तर ५०० च्या खोलीला ८०० गेले. आठाला पाच, एवढंच पाठ करा: नेपाळी आकड्याला आठानं भागून पाचानं गुणा. १,००० नेपाळी म्हणजे ६२५.

नोटा शंभराच्या न्या. मोठ्या नोटांवर नेपाळनं डिसेंबर २०१८ मध्ये बंदी घातली होती, तेव्हापासून दुकानदार पाचशे बघून मान हलवतो. शंभराची नोट मात्र पानटपरीवरही चालते. आठ जणांना दोन-तीन गड्ड्या लागतील, बँकेत आठवडाभर आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी रोखपाल शंभरचे बंडल देत नाही. सगळ्या एका पिशवीत नकोत, चौघांच्यात वाटा.

फोनपे: मार्च २०२४ पासून भारतीय यूपीआय नेपाळच्या 'फोनपे' क्यूआरवर चालतं. गंमत अशी की हे नेपाळी फोनपे आणि आपलं फोनपे या दोन वेगळ्या गोष्टी, नाव तेवढं सारखं ऐकू येतं. अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय पेमेंट आधी चालू करावं लागतं, आणि ते भारतात असतानाच करा, कारण पलीकडे तुमचं सिम रोमिंगशिवाय मुकं होतं. ओटीपी येणार नाही. काठमांडू-पोखऱ्यात यूपीआय जमेल, मुक्तिनाथच्या वाटेवर रोखच. नेपाळचं सिम घ्यायचं तर नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेल, ओळखपत्राची झेरॉक्स आणि फोटो द्यावा लागतो. आठ जणांत दोन सिम पुरे.

तापीकाठ
आठाला पाच, मस्त. काकांचं कोणी सांगेल का?

घाटवाट (धुळे)
मुक्तिनाथ ३,८०० मीटरच्या आसपास. तोरणमाळ साधारण १,१५० मीटर, म्हणजे तिपटीहून जास्त. पोखरा ८०० मीटरवर, जोमसोम २,७००. पोखऱ्याहून विमानानं वीस-पंचवीस मिनिटांत जोमसोम, तिथून जीपनं मुक्तिनाथ असं एका सकाळीत केलं, तर शरीर तीन हजार मीटर चढलं आणि त्याला कळलंसुद्धा नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं तिथून सुरू होतं. वय याचं कारण नसतं, तुमची सोळा वर्षांची मुलगीही आडवी होऊ शकते आणि काका ठणठणीत राहू शकतील. बीपीच्या माणसाला धोका वेगळा: थंडीनं आणि चढानं बीपी वर जातं.

म्हणून करा असं. जोमसोमला किंवा त्याच्या जवळ मार्फा-कागबेनीत एक रात्र झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्तिनाथ, दर्शन करून दुपारी परत खाली. मुक्तिनाथला मुक्काम टाळा. उंची किती चढलात यापेक्षा झोपलात कुठं, हे जास्त महत्त्वाचं. जीप रानीपौवापर्यंत जाते, तिथून देवळापर्यंत अर्धा तास चढ-पायऱ्या. घोडा मिळतो, काकांना घोड्यावर बसवा.

देवळामागे १०८ धारा आहेत, गोमुखातून पाणी पडतं. अंगावर पडलं की श्वास अडकतो इतकं थंड. लोक भक्तीच्या भरात सगळ्या धारांखालून पळतात. काकांनी आणि वडिलांनी ओंजळीत घेऊन डोक्याला लावावं, पुरे. बाकीच्यांनी न्हायचं तर कोरडे कपडे, टॉवेल, कानटोपी धारेच्या टोकाशीच कोणाच्या तरी हातात द्या. ओल्या कपड्यात वाऱ्यात दहा मिनिटं उभं राहिलं की पुढचा प्रवास तापातच.

गोळी: उंचीचा त्रास होऊ नये म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइड डॉक्टर देतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर चालत नाही, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर लघवी वाढून अशक्तपणा येतो. काकांच्या डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवून विचारा. बसल्या जागी धाप लागणं, चालताना झोक जाणं, बोलणं असंबद्ध होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली. कागबेनी जीपनं तासाभराच्या आत येतं.

विमान पहाटेचंच घ्या. काली गंडकीच्या खोऱ्यात दहा-अकरानंतर वारा इतका सुटतो की उड्डाणं बंद होतात. सकाळी धुकं असलं की विमान रद्द, म्हणून पोखऱ्यात एक दिवस राखीव ठेवा. तिकिटाचे भाव तीन: नेपाळी, भारतीय, इतर परदेशी. नेपाळी भावात स्वस्त दिसलं म्हणून काढलंत तर विमानतळावर अडवतात. आणि हो, मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतं, त्याचं परमिट भारतीयांनाही लागतं, सार्क देशांना १,००० नेपाळी. पोखऱ्याला पर्यटन मंडळाच्या कार्यालयात काढा, फोटो सोबत ठेवा.

रस्त्यानं गेलात तर वाटेत तातोपानी लागतं, गरम पाण्याचे झरे. उनपदेव आठवेल.

मेथीदाणा (अमळनेर)
जेवणाचं मी सांगते.

दाल-भात-तरकारी सगळीकडे मिळतं आणि भात-वरण पुन्हा वाढतात. भाजीत तिखट बेताचं, आपल्या माणसाला दोन दिवसांत फिकं लागायला लागतं. लसणाची कोरडी चटणी आणि शेंगदाण्याची न्या, पण तेल सोडणारा ठेचा नको. घाटात पिशवी उलटली की सगळ्या कपड्यांना वास. दशम्या दोन दिवस टिकतील, गाडीपुरत्या. भाकरी विसरा. वर मुस्तांगकडे, म्हणजे मुक्तिनाथच्या भागात, फापराची रोटी मिळते. फापर म्हणजे कुट्टू, काकूंना एकादशीला चालत असेल तर बघा. ढिंडो नावाचा प्रकार आपल्या उकडीच्या जवळचा.

शाकाहारींसाठी एक शब्द लक्षात ठेवा: बफ. म्हणजे म्हशीचं मांस. मोमो सर्रास बफचे असतात, आणि 'व्हेज' मोमो त्याच भांड्यात वाफवलेले असू शकतात. काकू-आईंना चालणार नसेल तर 'शुद्ध शाकाहारी' किंवा 'मारवाडी भोजनालय' अशी पाटी बघूनच बसा. पशुपतिनाथाजवळ अशी बरीच आहेत.

पशुपतिनाथात चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं. शंभराच्या गड्ड्या चामड्याच्या पाकिटात असल्या तर बाहेर कोणाजवळ ठेवणार? कापडी बटवा घ्या. गाभाऱ्याकडे फोटो नाही.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: काकूंचा फॉर्म ८ आणि पासपोर्ट दोन्ही उद्या भरतो, शाळेत नमुना देतो, दिवस चौदा. लुंबिनी ठेवू की सोडू हे घरी विचारतो. एक राहिलं, सगळ्यांची कागदपत्रं हरवली तर?

सातपुडा_पायथा
काठमांडूत लैनचौरला भारतीय दूतावास आहे, तिथं जायचं. पण त्यांनाही तुम्ही कोण हे दाखवावं लागतं. म्हणून प्रत्येकाच्या कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, दोन-दोन फोटो, दुसऱ्याच्या पिशवीत. काकूंचं तुमच्या बायकोकडे, तुमचं वडिलांकडे. आणि मतदार कार्डावर आईंचं नाव आधारशी जुळतंय का ते आजच बघा, आपल्याकडे 'बाई' एका कार्डावर असते आणि दुसऱ्यावर नसते.

तापीकाठ
बघितलं. नसते.

सातपुडा_पायथा
मग त्यांच्यासाठीही फॉर्म ८, दुरुस्तीचा रकाना. नवं कार्ड येईपर्यंत जुनं जपून ठेवा. तिकीट मतदार कार्डावरच्या नावानं काढा.