मदत हवी आहे: डोंबिवली ते सीप्झ, रोज कसं जावं?

नमस्कार मंडळी,

मी मूळची मिरजेची. गेल्या महिन्यात अंधेरी पूर्वेच्या सीप्झमध्ये (निर्यात कंपन्यांची वसाहत) नोकरी लागली आणि डोंबिवली पूर्वेला मावशीकडे मुक्काम टाकला. ऑफिस साडेनऊला भरतं, साडेसहाला सुटतं. आमच्याकडे नुसतं सांगलीला जायचं म्हटलं तरी आई डबा भरून देते. इथे रोज जाऊन-येऊन चार तास मोडतायत आणि घरी पोचल्यावर जेवायचंही त्राण उरत नाही. आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते सांगते, म्हणजे तेच पुन्हा कोणी सुचवणार नाही.

पहिला आठवडा कांजूरमार्ग. नकाशात तोच रस्ता सरळ दिसत होता. कांजूरला फास्ट थांबत नाही, म्हणून स्लो पकडायची आणि पुढे जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पवईमार्गे बस. पण त्या रस्त्यावर मेट्रो ६ चं काम चालू आहे. गांधीनगरपासून जी बस अडकते ती अडकते. एका पावसाळी सकाळी बसमध्येच सव्वा तास गेला. पवई तलाव आता तोंडपाठ झालाय.

मग ऑफिसमधल्या एकीने सांगितलं म्हणून घाटकोपर. फास्टने घाटकोपर, पुलावरूनच मेट्रो १ ला, मरोळ नाक्याला उतरून खाली मेट्रो ३, तिथून दुसरंच स्टेशन सीप्झ. मेट्रोचा भाग इतका सुटसुटीत आहे की त्याबद्दल तक्रारच नाही. घोडं अडतं ते लोकलमध्ये. आठच्या सुमाराच्या फास्टला लेडीज डब्यात चढता आलं तर दारातच. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर माणसं गाडीतून पडली, ती बातमी बाबांनी पाहिली होती. तेव्हापासून रोज सकाळी फोन: "आत उभी आहेस ना?" मी हो म्हणते.

मावशी म्हणते, डोंबिवलीहून सुटणारी लोकल धर, रिकामी मिळते. मावशीने शेवटची लोकल कधी धरली देव जाणे! ती गाडी डोंबिवलीत येतानाच कोपर-दिव्याच्या बायकांनी भरलेली असते, कोणी उतरतच नाही.

संध्याकाळचं तर विचारूच नका. घाटकोपरला आलेली पहिली फास्ट कर्जतची होती, चढले. "डोंबिवलीला उतरायचंय? मग या गाडीत कशाला आलीस?" असं तिघींनी सुनावलं. ठाण्यापासून दाराकडे सरकत होते म्हणून उतरले तरी.

तर प्रश्न असे: फर्स्ट क्लासचा पास काढण्यात अर्थ आहे का? संध्याकाळी घाटकोपरहून कुठली गाडी धरावी? सीप्झजवळ खोली घेणं सध्या परवडणारं नाही, तो सल्ला कृपया नको.

चौथी सीट:
मावशीच्या गाडीत कोणी उतरत नाही, कारण त्या सगळ्या रिटर्न करतात, म्हणजे आधी उलट्या दिशेने येतात आणि बसल्या जागी त्याच गाडीने परत जातात. तूही कर. डोंबिवलीहून उलटी कल्याणला जा आणि कल्याणहून सुटणारी धर. वीसेक मिनिटं लवकर निघावं लागेल, पण बसून येशील. फक्त पास कल्याणपासूनचा हवा, नाहीतर टीसी धरेल. कल्याण ते कुर्ला असाच काढ.

धागाकर्ती:
कुर्ला का? मला तर घाटकोपरला उतरायचंय.

चौथी सीट:
संध्याकाळसाठी. घाटकोपरच्या फलाटावर फास्टची वाट बघत उभं राहू नकोस. स्लोने दोन स्टेशनं मागे कुर्ल्याला जा. तिथून सुटणाऱ्या कल्याण लोकल असतात. थोड्याच आहेत, वेळा पाठ करून ठेव. स्लो असली तरी बसायला मिळतं. सेकंडच्या पासाला दोन स्टेशनं वाढली तर फरक किरकोळ पडतो.

जुना बदलापूरकर:
त्या तिघींचा राग धरू नका. डोंबिवलीला तुमच्यासाठी दर थोड्या वेळाने गाडी आहे, आम्हा पुढे बदलापूर-कर्जतला जाणाऱ्यांची एक चुकली की अर्धा तास गेला. कर्जत-कसारा सोडून काहीही धरा. फर्स्ट क्लासचं विचाराल तर गर्दीच्या वेळी तिथेही उभंच राहायचं, फक्त पैसे जास्त देऊन. आधी एक महिन्याचा सेकंडचा पास काढून बघा, जमलं तर तीन महिन्यांचा काढा, स्वस्त पडतो.

पवईकर:
मेट्रोच्या दोन्ही मार्गांची तिकिटं 'मुंबई वन' ॲपवर निघतात. मात्र मेट्रो ३ जमिनीखाली आहे, खाली उतरल्यावर रेंजचा भरवसा नाही. तिकीट वर असतानाच काढून ठेवा. आणि मेट्रो ६ सुरू होईपर्यंत कांजूरचं नाव काढू नका.

धागाकर्ती:
सर्वांचे आभार. कल्याण-कुर्ला पास काढला. आज सकाळी पहिल्यांदा रिटर्न केलं, खिडकी नाही पण तिसरी सीट मिळाली. बाबांचा फोन आला तेव्हा "बसलेय" म्हटलं, त्यांना खरं वाटेना. शेजारच्या काकूंनीच फोन घेऊन सांगितलं. संध्याकाळी साडेसातनंतर कुर्ल्याहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा कोणाकडे असतील तर इथेच टाका.