आशाताईंना बाळाला हात लावू द्यायचा का? (धायरी, पुणे)

धायरीची_मावशी
माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आलीये. खाजगी दवाखान्यात नॉर्मल डिलिव्हरी झाली. मुलगी 2 किलो 300 ग्रॅमची. घरी सोडताना पुढची तारीख थेट दीड महिन्याच्या लसीची दिली. काल आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या सरकारी योजनेतल्या आरोग्यसेविका, वजनकाटा घेऊन दारात आल्या. आई म्हणाली, सव्वा महिना बाहेरच्या कुणाचा हात लागायचा नाही. त्या बिचाऱ्या नंबर देऊन गेल्या, तेव्हापासून मला चैन नाही. त्या नेमकं काय करतात? डॉक्टर असताना गरज आहे का? आणि आईला कसं समजवू?

पर्वतीची_आशा
ताई, मी पर्वती पायथ्याच्या वस्तीत आशा आहे. गरज आहेच, आणि अडीच किलोच्या आतल्या बाळाला जरा जास्तच. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आम्ही 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जातो. तुम्हाला दिलेल्या पुढच्या तारखेपर्यंतचा सगळा काळ त्यात येतो. बाळं गार पडतात, दूध ओढेनाशी होतात ती याच दिवसांत, आणि घरच्यांना वाटतं गाढ झोपलंय.

मी आधी कोपरापर्यंत हात धुते. टॉवेलला पुसत नाही, हवेतच वाळू देते. मग काखेत थर्मामीटर, झोळीत वजन. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे श्वास. बाळ शांत असताना दुपटं बाजूला करून, घड्याळ समोर धरून, पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, कारण एवढ्याशा जिवाचा श्वास मध्येच थबकतो, मग भरभर चालतो. 60 किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजते. दुसऱ्यांदाही तेवढेच आले किंवा छाती आत ओढली जात असली, तर औषध सांगत बसत नाही, रिक्षा बोलवायला लावते. नाळ, तळहात-तळपायांचा पिवळेपणा बघते. मग बाळंतिणीकडे वळते: अंगावरून किती जातंय, ताप आहे का, दूध कसं येतंय.

बाळंतिणीच्या शेक-मालिशवरून मी कुणाच्या आईशी भांडत नाही. फक्त बाळाच्या खोलीत धुरी नको आणि मधाचं बोट नको.

कोथरूडकर
आमच्याकडे आलेल्या बाईंनी दारातूनच आधार नंबर घेतला, कार्डाचा फोटो काढला आणि गेल्या. बाळ पाहिलंही नाही. भरवसा कसा ठेवायचा?

पर्वतीची_आशा
तुमचा राग रास्त आहे. वजन न करता फॉर्म भरलेला मलाही खपत नाही. "बाळाचं वजन करून जा" असं हक्काने म्हणा, तरी नाही केलं तर त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना सांगा. पण हेही बघा, या सगळ्या भेटींचे मिळून केंद्र सरकारच्या निकषात 250 रुपये धरलेत. वर सर्वेक्षणं, पोलिओ, टीबीच्या गोळ्या. मोबदला कामागणिक असला की कागद आधी आणि बाळ मागे पडतं. ते बदलायला हवं, आम्ही मोर्चे काढतो ते त्यासाठीच.

गडचिरोली_रिटर्न
मी तिकडे नोकरीला होतो म्हणून सांगतो. हे काम सुरू झालं ते आपल्याच महाराष्ट्रात. गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहूनही खाली आले, 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. 2011पासून हेच काम देशभर आशांकडे आहे. डॉक्टर आहेत म्हणून त्यांना परत पाठवू नका.

धायरीची_मावशी
आईला वरचं सगळं वाचून दाखवलं. श्वास मोजायचं ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, हात धुऊन येऊ देत, पण मी शेजारी बसणार. ताईंना फोन केलाय, उद्या अकराला येतायत. काही तयारी ठेवायची का?

पर्वतीची_आशा
आईंना जरूर बसवा, श्वास मोजायला त्यांनाही शिकवायला सांगा. डिस्चार्ज कार्ड काढून ठेवा, जन्माचं वजन आणि बीसीजी लसीची नोंद लागेल. त्या यायच्या तोंडावर आंघोळ घालू नका, ताप नीट कळत नाही. पंखा बंद ठेवा. आणि दूध पाजायची वेळ जमली तर त्या असतानाच पाजू द्या, बाळ कसं धरतंय ते त्यांना बघता येईल. मात्र आजच दूध ओढत नसेल किंवा अंग गार लागत असेल तर उद्याची वाट बघू नका.