चांद्रयानाचे जोडफोटो: लाल-निळ्या चष्म्यातून विवर खोल का दिसत नाही?

भांडुपची भूगोलबाई

मी भांडुपच्या एका शाळेत आठवीला भूगोल शिकवते. गेल्या आठवड्यात पुठ्ठा आणि जिलेटिन पेपर आणून मुलांकडून लाल-निळे चष्मे करून घेतले. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याची तयार चित्रं प्रोजेक्टरवर लावली, तेव्हा एका मुलीने हात पुढे करून दरीचा काठ चाचपून बघितला. इतकं छान जमलं.

मग वाटलं, आपल्या चांद्रयानाचा चंद्रही दाखवावा. इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवर नोंदणी करून चांद्रयान-2च्या टीएमसी-2 कॅमेऱ्याचे एकाच जागेचे दोन फोटोपट्टे उतरवले, एक पुढे बघणारा, एक मागे बघणारा. उत्तर वर ठेवून तुकडे कापले, एक लाल केला, दुसरा निळसर, आणि एकावर एक बसवले. काहीच उठत नाही. डोळे ओढतात, प्रत्येक विवर दोनदा दिसतं. भाच्याने चित्र आडवं फिरवलं तर विवरांची टेंगळं झाली! मंगळ जमतो तर चंद्र का जमू नये? शुक्रवारी पुन्हा तास आहे.

आणखी एक विचारायचंय. वर्गातल्या एका मुलाचा डावा डोळा अधू आहे. चष्म्यातून त्याला काहीच उठून दिसलं नाही, तो तासभर गप्प बसून होता. त्याला कसं दाखवू?

जुना नकाशेवाला

बाई, फोटो चांगलेच आहेत, मांडणी चुकली आहे. मी तीस वर्षं हवाई छायाचित्रांवरून नकाशे केले. कामावर पहिल्या दिवशी शिकवलं गेलं ते हेच, की जोडी उड्डाणरेषेत मांडायची. विमान ज्या दिशेने गेलं ती रेघ पेन्सिलीने ओढायची, ती दोन्ही डोळ्यांना समांतर ठेवायची, आणि मगच वर स्टिरिओस्कोप, म्हणजे जोडफोटो बघायचं दोन भिंगांचं यंत्र, ठेवायचा.

चांद्रयान-2 ध्रुवीय कक्षेत, म्हणजे उत्तर-दक्षिण फिरतं. टीएमसी-2 पंचवीस अंश पुढे, सरळ खाली आणि पंचवीस अंश मागे असं तिन्हीकडे बघतो. पुढच्या नजरेने टिपलेली जमीन मागच्या नजरेत साधारण मिनिटभराने येते. म्हणून डोंगरमाथा आणि विवराचा तळ दोन फोटोंत एकमेकांपासून जेवढे सरकलेले दिसतात, ती सरक उत्तर-दक्षिण पडते. तुम्ही उत्तर वर ठेवलीत आणि ती सरक उभी झाली. आपले डोळे शेजारी-शेजारी आहेत, उभी सरक त्यांना जुळवता येत नाही, मग ते ओढतात. हायराइजचं यान वेगवेगळ्या फेऱ्यांत बाजूला कलून तीच जागा टिपतं. तिथली सरक बहुतेक पूर्व-पश्चिम असते, त्यामुळे उत्तर वर ठेवूनही जमतं.

म्हणजे भाच्याने चित्र आडवं केलं ते बरोबरच होतं. फक्त डावा-उजवा उलटा झाला. पुढे बघणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो घेतला तेव्हा यान त्या जागेच्या अलीकडे होतं, मागच्याने घेतला तेव्हा पलीकडे. यान उत्तरेकडे जात असेल आणि तुम्ही उत्तर डावीकडे ठेवली असेल, तर पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो उजव्या डोळ्याला द्यायचा. यान दक्षिणेकडे जात असेल तर डाव्या.

उत्तर डावीकडे ठेवायची की उजवीकडे, हे उन्हावरून ठरवा. ऊन पूर्वेचं असेल तर उत्तर डावीकडे ठेवा, पश्चिमेचं असेल तर उजवीकडे. तसं केलं की प्रकाश वरून पडतो आणि सावल्या आपल्याकडे येतात. प्रकाश खालून आला तर मेंदू फसतो, खड्डा उंचवटा वाटतो. आम्ही सावल्या अंगावर घेऊनच बसायचो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. पुढचा आणि मागचा फोटो जोडू नका, सरळ खालचा आणि एक तिरका घ्या. यान 100 किलोमीटर उंचीवर असताना पुढच्या आणि मागच्या फोटोंमध्ये ते ढोबळमानाने 93 किलोमीटर सरकतं. म्हणजे रेल्वेच्या रुळांनी मोजलं तर एक डोळा सीएसएमटीला आणि दुसरा जवळजवळ कर्जतला! पुस्तक फूटभर लांब धरतो तेव्हा डोळ्यांतलं अंतर त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतं, इथे ते उंचीइतकंच झालं. त्यामुळे उंची चार-पाच पट ताणलेली दिसते. ताज्या, वाटीसारख्या लहान विवराची खोली व्यासाच्या पाचव्या भागाएवढी असते, चष्म्यात मात्र ते विहिरीसारखं दिसेल. मुलांना हे आधी सांगा, नाहीतर चंद्र म्हणजे नुसते कडेच असं त्यांच्या डोक्यात बसेल.

पवईकर

रिमोट सेन्सिंग शिकतेय. काकांनी सांगितलेलं सगळं बरोबर. अधू डोळ्याच्या मुलासाठी तेच दोन फोटो लाल-निळे न करता आळीपाळीने दाखवा, सेकंदात दोन-तीनदा बदलणारी जीआयएफ करून. एक डोळा पुरतो. लोकलच्या खिडकीतून जवळचे खांब सुसाट मागे जातात आणि लांबच्या इमारती हळू सरकतात, तसाच खोलीचा अंदाज येतो. विवराचा काठ दोन्ही फोटोंत एकाच जागी बसवा, म्हणजे तळ तेवढा हलेल.

आणि चष्म्याचा लाल कागद डाव्या डोळ्यावर, डावा फोटो लाल चॅनेलमध्ये, उजवा हिरव्या-निळ्यात. साधं निळं जिलेटिन थोडा लाल प्रकाश सोडतं, दुहेरी घडी घाला.

भांडुपची भूगोलबाई

काका, पवईकर, आज तास झाला. आमच्या पट्ट्यात ऊन पूर्वेचं होतं. उत्तर डावीकडे केली, खालचा आणि पुढचा फोटो जोडला, आणि विवर असं काही खाली गेलं की मागची मुलं उभी राहिली.

त्या मुलाला जीआयएफ दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “बाई, भिंतीचा हा तुकडा घसरून खाली बसलाय.” चष्मा लावून बसलेल्या आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं. काठापासून तळापर्यंत सरकलेला कडा, अगदी स्पष्ट.

तोच आता मुंब्र्याच्या डोंगराचे लोकलमधून लागोपाठ दोन फोटो काढणार आहे, देवीचं देऊळ मध्ये धरून. काका, दोन फोटोंमध्ये गाडी किती पुढे जाऊ द्यायची?

जुना नकाशेवाला

डोंगर जितका लांब, त्याच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढी. किलोमीटरभर लांब असेल तर तीस-पन्नास मीटर, म्हणजे भर वेगात एक-दोन सेकंद. फोटो काच बंद ठेवून, आत बसूनच काढायला सांगा. आणि जोडी झाली की मला पाठवा.