आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या सीडीवर घ्यायच्यात, आवाज न बिघडता – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीत अंबाजोगाईजवळच्या गावी आज्जीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. नुसतं बसून तिला म्हणताच येईना. "हातात खुंटा असल्याबिगर ओवी आठवत नाही बाई," म्हणाली. मग अडगळीतलं जातं काढलं, ज्वारी घेतली, आणि दोन दिवसांत दोन तास दहा मिनिटं भरली. व्हॉइस रेकॉर्डरवर 48 किलोहर्ट्झ, 16 बिटच्या वेव्ह फाइली आहेत. शेवटी रेकॉर्डरची बॅटरी गेली, म्हणून थोड्या ओव्या मोबाइलवर घेतल्या.

सीडीच का, तर वसमतच्या मावशीसाठी. तिला मोबाइल जमत नाही. हरिपाठ रोज सीडी प्लेअरवर लावते.

शहरातल्या एका दुकानातून सीडी करून आणली. सगळं एकाच सीडीत बसलं, पण मावशीच्या प्लेअरवर ती लागतच नाही. लॅपटॉपवर लागते, तर आवाज हंड्यातून आल्यासारखा. घरघर आणि आज्जीचा गळा यांचा नुसता काला झालाय. फार वाईट वाटलं. आज्जी 84 वर्षांची आहे, पुन्हा दळायला कसं बसवू?

घरी नीट सीडी कशी करायची? आणि जात्याचा आवाज काढून टाकावा का?

प्रतिसाद

ताई, सगळं एकाच सीडीत बसलं, तिथंच कळलं. ऑडिओ सीडीत 80 मिनिटंच मावतात. दुकानदारानं फाइली दाबून (बारकावे गाळून, आकार लहान करून) एमपीथ्री केल्या आणि डेटा सीडी, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलींची सीडी बनवली. जुने प्लेअर ती वाचत नाहीत.

तुमच्या मूळ वेव्ह फाइली शाबूत आहेत ना? मग काही गेलेलं नाही. आधी त्यांची प्रत दुसरीकडे ठेवा. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात प्रत उघडून 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट वेव्ह अशी काढा. सीडीचं माप तेच. यात आवाजातला 22 किलोहर्ट्झच्या वरचा, फार बारीक सुराचा भाग जातो, पण माणसाच्या कानाला 20 च्या पुढचं ऐकूच येत नाही. मध्ये एमपीथ्री कुठंही येऊ देऊ नका. मोबाइलवरच्या फाइली आधीच दाबलेल्या असणार; त्याही थेट वेव्ह करा, सुधारणार नाहीत पण आणखी बिघडणारही नाहीत.

मग सीडी-आर (एकदाच भरता येणारी) घ्या, आरडब्ल्यू (पुसून पुन्हा भरता येणारी) नको, आणि बर्न करताना 'ऑडिओ सीडी' निवडा. दोन सीडी लागतील.

जात्याला हात लावू नका. घरघर पुसायला गेलात तर आज्जीचा आवाजही पत्र्यासारखा होईल. आणि ओवीचा ठेका त्या घरघरीतच आहे.